वशिल्याचे आठ प्रोसेसर

६ जानेवारी

ताई,

नमस्कार गृहीत धर. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर आपण दोघं पाच मिनिटांत आईच्या औषधांवर येतो आणि सहाव्या मिनिटाला भांडतो. पत्रं सुरू केल्यापासून घरात शांतता आहे. आई म्हणते, लहानपणी हा एवढा लिहिता तर डॉक्टर झाला असता, नुसता रक्तपेढीत चिकटला नसता.

आज कामासाठी लिहितोय, आणि काम तुझ्याकडेच आहे. माझ्या टेबलावर फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड असतो. रक्ताची जुळणी तपासणारा प्रोग्रॅम तुमच्या मुख्य हॉस्पिटलच्या सर्व्हरवर चालतो, म्हणजे तू जिथे स्वेटर घालून बसतेस त्या खोलीत. तो गेले दोन महिने रडतोय. रुग्णाचा नमुना आणि पिशवीतलं रक्त जुळतं असं मशीनने मान्य करून लेबल छापल्याशिवाय पिशवी खिडकीबाहेर द्यायची नाही, असा नियम आहे. बटण दाबावं आणि गोल चक्र फिरताना बघत बसावं. समोर नातेवाईक उभे असतात. त्यांना वाटतं मी मुद्दाम करतोय.

मशीन अडकलं तर हाताने जुळणी करून, डॉक्टरांची सही घेऊन पिशवी देता येते. तसं मी मागच्या महिन्यात चार-पाचदा केलं, तर आमच्या मॅडमनी खोलीत बोलावलं. एवढं महागाचं मशीन घेतलं आणि हा माणूस अजून हातानेच करतो, असं वरून विचारतात म्हणे. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. पुन्हा हाताने केलंस तर पुढचं कंत्राट विसर, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. रीतसर तक्रार केली होती, तिला कुणी भीक घातली नाही. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच वशिला लावतोय. घरची बहीण सर्व्हरपाशी बसली असताना मी रांगेत का उभा राहू?

बाकी ठीक. आमच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, ज्याला सगळे पायलट म्हणतात, तो रोज सकाळी माझ्या खिडकीशी चहा पितो. बायकोला आठवा महिना आहे, त्यामुळे गाडी सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलतो. मुलाचं नाव काय ठेवायचं हे मलाच विचारतो. मी म्हटलं, आधी मशीन चालू दे, मग सुचेल.

तुझा ढब्बू


१४ जानेवारी

ढब्बू,

पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. दोन महिने त्रास होतोय आणि आत्ता सांगतोस?

नीट समजून घे. आमच्याकडे एक मोठा सर्व्हर आहे. त्यात सोळा प्रोसेसर, म्हणजे काम करणारे सोळा हात समज. त्या सोळांवर आम्ही चौदा व्हर्च्युअल मशीन चालवतो. ही यंत्रं डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. सासूला वाटतं घर आपलं, सुनेला वाटतं आपलं, तसंच. औषधांचं एक, तपासण्यांचं एक, बिलांचं एक, तुझ्या रक्तपेढीचं एक. कुणाला किती प्रोसेसर द्यायचे ते मी ठरवते. म्हणजे ठरवावं अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात जो मोठ्याने ओरडतो त्याला मिळतात. सोळा आहेत आणि वाटून झालेत चाळीस. सगळे एकाच वेळी कामाला बसत नाहीत, म्हणून खपून जातं.

सगळ्यात मोठा वाटा कुणाचा, सांग? संचालकांच्या दालनात भिंतीवर रंगीत आलेख फिरतात, त्यांचा. त्याला आठ. तुझ्या रक्ताला दोन. आलेखाचे काढायला गेले तर माझीच उचलबांगडी होईल.

तरी तुझे दोनाचे चार केलेत. अशा बदलाला साहेबांची लेखी मंजुरी लागते. ती मी घेतलेली नाही, तेव्हा कुठे बोलू नकोस. पायलटलाही नाही. संध्याकाळी मी स्वतः तपासलं, लेबल लगेच छापलं जात होतं. आता मन लावून काम कर आणि आईला सांग, डॉक्टर न झालेल्या पोरालाही बहीण सांभाळते.

ताई


२७ जानेवारी

ताई,

तुझे उपकार कसे फेडू वगैरे लिहिणार होतो, पण खरं सांगतो. संध्याकाळी मशीन पळतं. सकाळी मात्र पूर्वीपेक्षाही वाईट झालंय. बाह्यरुग्ण विभाग उघडला, वॉर्डांतून नमुने यायला लागले की ते बसतं ते बसतंच. काल एका आजोबांच्या ऑपरेशनसाठी पिशवी हवी होती. शेवटी हाताने जुळणी केली, डॉक्टरांनी सही दिली, काम झालं. आजोबा बरे आहेत. मॅडमनी मात्र लेखी ताकीद दिली, आणि तिच्यात शेवटची असा शब्द आहे.

तू एवढं केल्यावर पुन्हा कुरकुर करणं जिवावर येतं. कदाचित माझंच काही चुकत असेल. कीबोर्डवर मी दोन बोटांनी टाइप करतो. पण मशीनला ते कसं कळणार?

हिने विचारलं, कंत्राट गेलं तर काय करायचं. आईसमोर हा विषय काढत नाही. पायलटच्या बायकोला पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे.

ढब्बू


४ फेब्रुवारी

ढब्बू,

तुझी दोन बोटं निर्दोष आहेत. तू उगाच स्वतःवर घेतोस, ही तुझी जुनी खोड. चार पुरत नाहीत एवढाच याचा अर्थ.

मी आठ केले. हो, संचालकांच्या आलेखाएवढे. चौदा मशिन्समध्ये आता दोघंच एवढे श्रीमंत, एक ते आणि एक तू. करताना मला काय समाधान झालं ते तुला कळणार नाही. इथे बारा वर्षं मी लोकांना प्रोसेसर वाटतेय, माणूस न बघता पद बघून. एकदा तरी आपल्या माणसाला ताट भरून वाढलं. साहेबांना कळलं तर बघून घेईन.

संध्याकाळी तीनदा तपासलं, लेबल चुटकीसरशी येतं. आता एक नीट ऐक. सकाळी चक्र फिरताना दिसलं तर घाबरून हाताने करायला धावू नकोस. आठ प्रोसेसर पाठीशी असलेलं मशीन अडकत नाही, फार तर क्षणभर दम घेतं. तू थांब. माझ्या शब्दावर थांब. ताकीद शेवटची आहे, ती तुझ्या घाईपायी खरी करू नकोस.

आईचे गुडघे कसे आहेत? हे विचारल्यावर भांडायचं नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

ढब्बू,

उत्तर नाही, म्हणजे मशीन पळतंय असं धरते. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय.

इथे दोन-तीन विभाग सकाळी सगळं हळू चालतं म्हणून ओरडतायत. त्यांना बहीण नाही, तेव्हा ओरडू देत. आमच्या खोलीतल्या थंड हवेने माझी मान धरली आहे, बाकी मजेत. पायलटला मुलगा झाला की मुलगी ते कळव. नाव सुचलं का?

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

पायलटची बायको गेली. मुलगी झाली, ती चांगली आहे, पायलटच्या आईकडे आहे.

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना. सोमवारची सकाळ होती, गर्दी होती. नमुना घेऊन पायलट स्वतःच खिडकीशी आला. वॉर्डबॉयसाठी थांबायला तो तयार नव्हता. पिशव्या पोचायला उशीर झाला. पोचल्या तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन उभे होते.

तुला सांगायला हवं म्हणून सांगतो, मशीन बरं होतं. माझाच हात चालेना, ओळखीचं माणूस म्हणून. त्यात आदल्या रात्री झोपही नीट झाली नव्हती. चौकशी लागली आहे. नियमाप्रमाणे लागते. तू यात पडू नकोस, विचारपूस करू नकोस, इथे कुणाला फोन करू नकोस.

आईला बाई गेली एवढंच सांगितलंय. उशिराचं सांगितलेलं नाही.

ढब्बू


३ मार्च

ढब्बू,

तू लहानपणापासून खोटं बोलताना एक कारण देत नाहीस, दोन देतोस. हात चालेना आणि झोपही झाली नव्हती. पत्र वाचलं आणि तशीच जाऊन त्या सोमवार सकाळच्या नोंदी उघडल्या.

सर्व्हर प्रत्येक मशीनबद्दल एक आकडा ठेवतो. मशीन कामाला तयार आहे, पण प्रोसेसर मिळत नाही म्हणून किती वेळ ताटकळलं, हे तो सांगतो. मी तो आकडा कधी बघितला नाही. मला वाटायचं, वाढून दिलं की पोट भरतंच. त्या सकाळी तुझं मशीन जवळजवळ सगळा वेळ ताटकळत होतं, ढब्बू. तू बटण दाबलं होतंस. ते तयार होतं आणि उभं होतं.

कारण मी दिलेले आठ. आमची प्रणाली जुनी आहे. तिच्यात ज्या मशीनला आठ दिले त्याला आठही एकदम मोकळे लागतात, एक कमी असला तरी ते कामाला लागत नाही. बसस्टॉपवर एकटा माणूस असला की कुठेही टेकतो आणि जातो. आठ जणांचं कुटुंब सगळे एकत्रच बसणार म्हणून अडून राहिलं, तर भरलेल्या बस एकामागून एक सोडून द्याव्या लागतात. सकाळी सगळे वॉर्ड कामाला लागलेले असतात, आठ जागा एकदम मोकळ्या कुठून होणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी मात्र संध्याकाळी रिकाम्या बसमध्ये चढून बघत होते आणि तुला कळवत होते की गाडी मस्त आहे.

तुझ्या कामाला दोनच पुरेसे होते. अडचण सकाळच्या गर्दीची होती. त्यासाठी आलेखाचे काढायला हवे होते, आणि ते मागायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून मी तुझे वाढवले. चार केले तेव्हा तू लिहिलं होतंस की सकाळी पूर्वीपेक्षा वाईट झालंय. तेव्हाच कळायला हवं होतं. मी ती तुझी भिडस्त कुरकुर समजले आणि आणखी वाढवले.

काल सकाळी मी तुझे आठाचे पुन्हा दोन केले आणि आलेखाचे सहा काढून घेतले, कुणालाही न विचारता. सगळी सकाळ बघत बसले. लेबलं भराभर छापली जात होती. एवढंच करायचं होतं.

उद्या हे सगळं तुमच्या चौकशी समितीला लेखी देते. मंजुरीशिवाय बदल केला हेही त्यात असेल. तुझ्यावर काही येणार नाही.

ताई


४ मार्च

ताई,

तुझं काही उत्तर नाही. बरंच आहे, तू ऐकलंस असं समजतो.

आज सगळं मिटलं, ते तुला कळवतो म्हणजे तुझा घोर जाईल. परवापासून समितीत मशीनची तपासणी करायची भाषा चालली होती. तपासणी म्हणजे तुमच्या खोलीत माणसं येणार आणि तू मला मंजुरीशिवाय आठ दिलेस ते निघणार. तू मेहेरबानी करायची आणि त्यापायी तुझी बारा वर्षांची नोकरी जायची, हे मला बघवलं नसतं. म्हणून मी आज लिहून दिलं की मशीन व्यवस्थित चालू होतं आणि उशीर माझ्या हातून झाला. सही केली. तपासणी रद्द झाली.

कंत्राट आता मिळणार नाही, ते तसंही जाणारच होतं. पण मॅडम मनाने वाईट नाहीत. त्यांनी तोंडी कबूल केलंय की माझ्या कामाच्या शेऱ्यात काही वाईट लिहिणार नाहीत. म्हणजे एखाद्या खासगी रक्तपेढीत मी दोन-तीन महिन्यांत लागेन. हिला सांगितलं, तिने ऐकून घेतलं.

आता तू फक्त गप्प बस. आयुष्यात एकदा तरी माझं ऐक.

ढब्बू


११ मार्च

ढब्बू,

तुझं चार तारखेचं पत्र मला सात तारखेला मिळालं. माझा कागद समितीकडे चार तारखेलाच पोचला होता. मी तो माणसाच्या हाती पाठवला, टपालाने उशीर नको म्हणून.

त्यांनी तुझा आणि माझा कागद शेजारी-शेजारी ठेवला. एक म्हणतो मशीन बरं होतं, दुसरा म्हणतो अडकलं होतं, आणि दोघं भाऊ-बहीण. काल मला बोलावलं होतं. नोंदी मी दाखवल्या, त्या त्यांना पटल्या. माझ्याकडून पासवर्ड आणि खोलीची किल्ली घेतली, निर्णय होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. याचं मला काही वाटत नाही, खरंच वाटत नाही. वाटतं ते पुढचं. उशिराचा ठपका तुझ्यावरून गेला आणि चौकशीत खोटा जबाब दिला असा ठपका आला. तो लेखी आहे, आणि तुझ्या कागदांवर कायम राहणार आहे. मी हातापाया पडले. समितीतला एक म्हणाला, हळू काम करणारा माणूस रक्तपेढीत चालेल, पण जो खोटं लिहून देतो त्याच्या लेबलवर विश्वास कसा ठेवायचा?

तू मला वाचवायला गेलास आणि मी तुला. दोघांपैकी एकाने जरी स्वस्थ बसायचं ठरवलं असतं तरी एकजण वाचला असता. आपल्या घरात स्वस्थ बसणं कुणाला शिकवलंच नाही.

एक विचारते. त्या सकाळी तू हाताने जुळणी का केली नाहीस? समितीने हे मला विचारलं. मी म्हटलं, ताकीद होती म्हणून असेल. खरं काय ते मला माहीत आहे, तरी तुझ्याकडून हवं.

ताई


२ एप्रिल

ताई,

उत्तराला वेळ लागला. आधी काय लिहावं ते कळत नव्हतं, मग लिहावं की नाही ते कळेना.

तीन ठिकाणी जाऊन आलो. जागा होत्या. कागद बघितले की समोरच्याचा आवाज बदलतो. सध्या एका औषधांच्या गोदामात खोकी मोजतो. आईला शेवटी सगळं सांगितलं. ती तुझ्यावरही रागावली नाही आणि माझ्यावरही नाही, त्याचंच जास्त लागलं. जेवताना एकदा म्हणाली, तुम्ही दोघं एकमेकांना फार जपता, आणि उठून गेली.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. तुझं पत्र आल्यापासून मी रोज सकाळी थांबतच होतो, लेबल उशिरा का होईना यायचं, म्हणून तुला कळवलंही नव्हतं. चक्र फिरत होतं. पायलट खिडकीत हात ठेवून उभा होता. तो ओरडत नव्हता, घाई कर म्हणतही नव्हता. माझ्यावर त्याचा विश्वास होता. मागे टेबलावर जुळणीचं सगळं सामान मांडलेलं होतं. एकदा मी उठलोसुद्धा. मग तुझं पत्र आठवलं आणि पुन्हा बसलो. ताकीद डोक्यात नव्हती, ताई. त्या वेळी कंत्राटाचं मला काही पडलं नव्हतं. तुला बरं वाटावं म्हणून मी ताकीद असं लिहू शकलो असतो. पण एकदा लपवून बघितलं, त्याचं काय झालं ते दिसलंच.

गेल्या रविवारी पायलट घरी आला. हिने दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. मी त्याला आत घेतलं. आधी तो मुलीबद्दल बोलला. रात्री रडते, दिवसा झोपते, आजी थकून जाते. नाव अजून ठेवलेलं नाही. मग म्हणाला की समितीचा निकाल त्याला वाचून दाखवला, पण प्रोसेसर, सर्व्हर यातलं त्याला काही कळलं नाही. मी बसस्टॉपचं तुझं उदाहरण सांगितलं. ते त्याला लगेच कळलं. गाडी चालवणारा माणूस आहे.

मग त्याने विचारलं, “थांबा असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

मी म्हटलं, “बहिणीने.”

“दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर थांबला असता?”

मी म्हटलं, “नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हाताने करून दिलं असतं.”

त्याने मान हलवली. तेवढंच विचारायचं होतं म्हणाला, आणि गेला.

ढब्बू